केसभर जाडीचा हिशेब

लोखंडी कपाटाला किंवा खिडकीच्या ग्रिलला करतात ते पावडर कोटिंग आपल्या ओळखीचे आहे. अमेरिकेत घरीच काडतुसे भरणारे हौशी नेमबाज हाच लेप शिशाच्या ओतीव गोळीला देतात. बंदुकीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. उघडे शिसे त्यांना घासत गेले की नळीला चिकटते आणि नेम बिघडतो. सुमारे २०० अंश सेल्सिअसला भाजलेला लेप शिसे आणि पोलाद यांच्यामध्ये पातळ पडदा बनून राहतो.

पण लेपाने गोळी किंचित फुगते, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलासाठी अशी गोळी साधारण ०.३५६ इंच, म्हणजे ९.०४ मिलिमीटर व्यासाची ठेवतात. म्हणून ती पोलादी डायच्या गुळगुळीत भोकातून दाबून काढतात. दाबयंत्राची तरफ ओढली की गोळी क्षणभर अडते आणि पलीकडून गोल, तुकतुकीत होऊन बाहेर पडते. नीट भाजलेला लेप सोलून निघत नाही, शिशासोबत दबतो.

गोळी बारीक झाली तर तप्त वायू बाजूने निसटतो आणि नळीत शिसे साचते. जाड राहिली तर काडतूस नळीच्या कोठीत बसतच नाही. केसाहूनही कमी जाडीचा हा फरक सूक्ष्ममापीवरच कळतो.

शिसे विषारी असते, त्यामुळे हाताळल्यावर हात धुणे आवश्यकच. आणि हे ध्यानात असू द्या: भारतात परवान्याशिवाय काडतुसे बनवणे शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे.