धूर, फेस आणि उपमा

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने पाककृती स्पर्धेला मला परीक्षक केलं. पात्रता एवढीच की मी खाण्याबद्दल फार बोलतो! पहिलं बक्षीस मी काचेच्या झाकणाखाली धूर कोंडून आणलेल्या पुरणपोळीला दिलं. घरी येताना बायको म्हणाली, "धूर गेल्यावर खाली नवीन काय होतं रे?" मला उत्तर सुचेना. मग रात्री जेवताना वाद रंगला: खरोखर नवं काही करणारा शेफ म्हणायचं कुणाला?

मी लगेच स्पेनच्या फेरान आद्रियाचं नाव घेतलं. त्याचं 'एल बुली' वर्षातले कित्येक महिने बंद असे. त्या काळात नवे पदार्थ शोधले जात. फळाच्या रसात सोडियम अल्जिनेट मिसळून त्याचे थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडले, की बाहेर पातळ पापुद्रा धरतो आणि आत रस तसाच राहतो. ही क्रिया अन्नउद्योगाला आधीच ठाऊक होती, आद्रियाने ती ताटात आणली. मुख्य म्हणजे कृती लपवल्या नाहीत, पुस्तकांतून छापल्या. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, कोड खुला केला. 2011 मध्ये एल बुली बंद झालं, पण ती युक्ती जगभर पोचली.

बायकोचा उमेदवार फ्रान्सचा मिशेल ब्रास. 1981 मध्ये त्याने केकच्या पिठात चॉकलेटचा गोठवलेला गोळा ठेवून भाजला. केक होईपर्यंत आतला गोळा वितळतो. आज मुलं हट्टाने मागतात तो चोको लावा त्याच कुळातला.

मग मी आपल्या जवळचा माणूस काढला. मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या मुळांचा फ्लॉइड कार्डोझ. 2011 मध्ये अमेरिकेतल्या 'टॉप शेफ मास्टर्स'च्या अंतिम फेरीत त्याने मशरूम घालून चक्क उपमा केला आणि जिंकला. आई म्हणाली, "उपम्यात मशरूम घातले यात काय मोठं?" खरंय. पण इटालियन पोलेंटाच्या मानाच्या जागी आपला नाश्त्याचा रवाही बसू शकतो, हे आधी दिसावं लागतं.

वादातून माझ्यापुरती कसोटी सापडली. शेफने केलेलं पाहून दुसऱ्या स्वयंपाक्याला काल जमत नव्हतं ते आज जमू लागलं का? चकित होणं त्यानंतर.

आणि तेव्हा एक गोष्ट टोचली. त्याच स्पर्धेत एका काकूंनी थालीपीठाच्या भाजणीचा हांडवो केला होता. भाजणी आधीच भाजलेली, त्यामुळे पीठ रात्रभर आंबवायला नको. ताकात भिजवायची, दुधी किसून घालायचा, तीळ-मोहरीची फोडणी आणि झाकण ठेवून मंद आच. बडोद्यात मराठी-गुजराती शेजार इतक्या वर्षांचा, तरी आमच्या घरी हे कुणाला सुचलं नव्हतं. मी त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस दिलं.

धुराची पुरणपोळी त्यानंतर कुणाकडे झाल्याचं ऐकिवात नाही. काकूंचा हांडवो मात्र आमच्याच सोसायटीत चार घरी होतो. परवा त्यांना भेटून माझी चूक कबूल केली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बक्षीस राहू दे, पुढच्या वेळी दोन तुकडे जास्त खा!"