क्वांटम कॉम्प्युटर : नुसते क्यूबिट मोजून ताकद कळत नाही

मोबाईलवर अधूनमधून बातमी येते, 'अमक्या कंपनीने एवढ्या क्यूबिटचा क्वांटम कॉम्प्युटर बनवला.' आकडा मोठा म्हणजे मशीन भारी, असं आपण धरून चालतो. पण तसं नसतं.

डेअरीला दूध घालणाऱ्याला हे लगेच कळेल. नुसत्या लिटरवर पैसे ठरत नाहीत, फॅट लागते. क्यूबिटची संख्या म्हणजे लिटर. ते किती कमी चुका करतात, ती फॅट.

साध्या कॉम्प्युटरमधला बिट 0 किंवा 1 असतो. क्यूबिट दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, पण फार नाजूक असतो. थोड्या उष्णतेनेही बिघडतो. गणिताच्या पायऱ्या वाढतील तशा चुका साठत जातात.

म्हणून आयबीएमने 'क्वांटम व्हॉल्यूम' ही परीक्षा काढली. यात 5 क्यूबिटला 5 पायऱ्यांची, 6 क्यूबिटला 6 पायऱ्यांची गणितं देतात. गणितं चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी, कुठलीही. जी उत्तरं जास्त वेळा यायला पाहिजेत, ती दोन तृतीयांशपेक्षा जास्त वेळा आली तर मशीन पास. 5 ला पास झालं तर पाच वेळा 2 चा गुणाकार, म्हणजे 32 गुण. 6 ला पास झालं तर 64.

आता 2020 चा निकाल बघा. जानेवारीत आयबीएमने आपल्या 28 क्यूबिटच्या मशीनला 32 गुण मिळाल्याचं सांगितलं. जूनमध्ये हनीवेलच्या अवघ्या 6 क्यूबिटच्या मशीनने 64 घेतले. ऑगस्टमध्ये आयबीएमही 64 वर पोचली.

वेगाच्या दाव्याचंही तसंच. 2019 मध्ये गुगल म्हणालं, आमच्या 53 क्यूबिटच्या मशीनने 200 सेकंदांत केलेल्या कामाला सुपरकॉम्प्युटरला 10,000 वर्षं लागतील. आयबीएमने उत्तर दिलं, नीट पद्धत वापरली तर अडीच दिवस पुरतील.

याचा आपल्याशी संबंध काय? केंद्राने 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी 6,003.65 कोटी रुपये मंजूर केलेत. 8 वर्षांत 50 ते 1000 क्यूबिटची मशीनं बनवायचं उद्दिष्ट आहे. पैसा जनतेचा आहे, म्हणून हिशोब आपल्यालाही कळला पाहिजे.

पुढच्या वेळी अशी बातमी आली की तीन गोष्टी बघा : चुका किती होतात, तुलना कशाशी केली, आणि माप कुणी घेतलं? विकणाऱ्यानेच माप घेतलं असेल, तर दुसऱ्या काट्यावरही वजन झालेलं बरं.