पनवेलहून भरतीचं काम

पनवेलहून सीएसएमटीला हार्बर लोकलने सव्वा तासाहून जास्त लागतो. २०२०च्या टाळेबंदीनंतर भरतीवाल्यांचा हा वेळ वाचला आणि काम अडलं नाही. बायोडेटा चाळणं, फोन लावणं घरूनही होतं. शिवाय नोकरीतला उमेदवार मोकळेपणी बोलतो तो संध्याकाळी सातनंतरच; तेव्हा फोन करणारा आता लोकलमध्ये लटकत नसतो.

अडतं दुसरीकडेच. ऑफर घेतलेला उमेदवार नोटीस पिरियडमध्ये फोन उचलेनासा झाला, की शेजारच्या खुर्चीला लगेच कळायचं. आता ते शुक्रवारच्या एक्सेलमध्ये दिसतं. नवख्यांचं नुकसान त्याहून मोठं, कारण पगाराची घासाघीस कानावर पडूनच शिकता येते.

चीनच्या ट्रिप डॉट कॉममधल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरच्या प्रयोगात आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर राजीनामे एक तृतीयांशाने घटले, कामगिरी ढळली नाही. मात्र उरलेले तीन दिवस ते ऑफिसातच होते.