गोळी फुकट, खाडा महाग

राहुरीत नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला हातगाडीवर फळे विकणारे एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. नाव देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मागच्या हिवाळ्यात त्यांचा खोकला हटेना, वजन उतरले, थुंकी तपासली तर क्षय निघाला. औषध सरकारी, पूर्ण मोफत, सहा महिन्यांचे. दोन महिन्यांत ताप गेला, भूक लागू लागली आणि तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद झाल्या.

आम्ही त्यांच्या घरी रागावूनच गेलो होतो. गोळ्या मध्येच सोडल्या तर क्षयाचे जंतू औषधाला जुमानत नाहीत, मग उपचार लांबतो आणि जास्त त्रासाचा होतो, घरातल्या मुलांनाही धोका असतो, हे सगळे सांगायचे ठरवून गेलो. भाभींनी चहा ठेवला आणि शांतपणे हिशेब मांडला. गोळी घेतली की मळमळते, पहाटे उठवत नाही. फळांचा लिलाव पहाटेच असतो. लिलाव चुकला की माल नाही, माल नाही की गाडी नाही. दवाखान्यात जायचे तर अर्धा दिवस गेला. दोन महिन्यांत किराणा दुकानाची उधारी झाली, शाळेच्या रिक्षाचे पैसे थकले. "गोळीला पैसे लागत नाहीत भाई," त्या म्हणाल्या, "गोळी घेणाऱ्याला लागतात."

आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

आजारी माणसाच्या निष्काळजीपणाबद्दल आपण फार लवकर बोलतो. पथ्य पाळत नाही, तंबाखू सोडत नाही, डॉक्टरकडे उशिरा जातो. यात खोटे काही नाही, पण रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला डॉक्टरकडे लवकर जाणे म्हणजे एक दिवसाचा खाडा. नोकरदाराला आजारपणाची रजा असते, हातगाडीला नसते. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले होते की मुस्लिम कामकऱ्यांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे. गॅरेज, शिलाई, भंगार, फळभाजी, बेकरी, खाटीकखाना. आपल्या मोहल्ल्यातली अर्धी घरे डोळ्यांसमोर आणा. यातल्या कोणाला पगारी रजा आहे?

राहुरी तालुका तसा कोरडा म्हणता येणार नाही. २६ टीएमसीचे मुळा धरण इथे, कृषी विद्यापीठ इथे, ऊस इथे. पण ऊस असला की ऊसतोड कामगारही आले. बीडहून, आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीकडून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन येते. एक दिवस काम चुकले तर खाड्याचा दंड उचलीत चढतो. पाळीच्या दिवसांतही रजा नाही, कोपीवर ना न्हाणीघर ना संडास. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या सगळ्या आजारी होत्या म्हणूनच शस्त्रक्रिया झाल्या, असे कोणी म्हणू शकेल का? खाडा नको म्हणून शरीराचा एक भाग काढून टाकणाऱ्या बाईपुढे आमच्या फळवाल्याचे गोळ्या सोडणे किरकोळच वाटते. पण दोन्हींचे मूळ एकच आहे.

हे मूळ आपल्याच जिल्ह्यात एका डॉक्टर दांपत्याने पन्नास वर्षांपूर्वी ओळखले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. वेल्लोरचे शिक्षण, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास. मनात आणले असते तर कुठेही मोठा दवाखाना थाटता आला असता. जामखेडचा भाग अवर्षणाचा. लोकांना विचारले तर त्यांनी डॉक्टर मागितला नाही, पाणी आणि अन्न मागितले. मग या दोघांनीही सुरुवात तिथूनच केली: मुलांसाठी गावात शिजवलेले जेवण, पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका. शक्य तिथे कूपनलिका दलित वस्तीजवळ खोदल्या, म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावाला तिथे यावे लागे. शिवाशिवीवरचे इतके साधे औषध आम्ही दुसरे ऐकलेले नाही.

आधी त्यांनी गावोगाव परिचारिका पाठवून पाहिल्या, ते जमले नाही. मग गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवले. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, लसीकरण, क्षय आणि कुष्ठरोगाची ओळख, हे त्या शिकल्या. १९७१ मध्ये त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला, पुढे तिसाच्या खाली गेला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या आरोग्यसेविकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांना झुंबराची उपमा दिली: सुंदर, पण महाग आणि लांब. मग पिशवीतून वातीचे दिवे काढून दाखवले. आम्ही असे दिवे, एकाने दुसरा लागतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

पोषणाचे म्हणाल तर अलीकडचाही पुरावा आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना काही महिने धान्य, डाळ असा जादा शिधा दिला गेला. २०२३ मध्ये निकाल आले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी होते. सरकार आता क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये पोषणासाठी देते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. चांगलेच आहे, पण हातगाडीचा बुडालेला धंदा त्यात भरून निघत नाही.

इथे आम्हाला आपल्या जकातीबद्दल बोलायचे आहे. रमजानमध्ये किट वाटली जातात, साड्या वाटल्या जातात. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही, गरजूच्या घरी पोहोचतात तेवढे बरे. पण सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत गरीब आणि मोहताज यांच्याबरोबर कर्जात अडकलेलाही आहे. आजच्या मोहल्ल्यात कर्ज कशाचे असते, ते एकदा विचारून पाहा. लग्नाचे असते, आणि आजारपणाचे असते. क्षयाचा रुग्ण सहा महिने आजारी असतो, त्याची गरज ईदनंतरही संपत नाही. जकात वर्ष पुरे होण्याआधी देता येते, असे बहुतेक फुकहांचे मत आहे. आपल्या मस्जिदीच्या आलिमांना विचारून घ्यावे. म्हणजे ती महिन्याच्या महिन्याला, एका घरासाठी, उपचार पुरा होईपर्यंत चालवता येईल.

ही कल्पना आमची नव्हे. कैरोमध्ये सुलतान कलाऊनने १२८४ साली मोठा दवाखाना उभारला आणि त्याच्या खर्चासाठी वक्फ लावून दिला. तिथून बरा होऊन निघणाऱ्याला कपडे आणि काही रक्कम दिली जाई, म्हणजे त्याला लगेच कामावर धावावे लागू नये, असे इतिहासात नोंदले आहे. सातशे वर्षांपूर्वी त्यांना खाड्याचा हिशेब ठाऊक होता.

कागदांचेही सांगायला हवे, कारण पुष्कळ घरे इथेच अडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत, पण रेशनकार्ड आणि आधारवरचे नाव जुळले पाहिजे. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव एका कागदावर शेख, दुसऱ्यावर नुसते अहमद, तिसऱ्यावर वडिलांचे नाव आधी. ते आजार येण्याआधी दुरुस्त करून घ्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागते. मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने महिन्यातून एक रविवार हे अर्ज भरून दिले तरी पुष्कळ होईल.

फळवाल्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. डॉक्टरांनी थुंकी पुन्हा तपासून उपचार नव्याने आखला. जमातीतल्या तिघांनी मिळून सहा महिने किराण्याचा भार उचलला, आणि धाकट्या भावाने पहाटेचा लिलाव.

निघताना आम्ही भाभींना विचारले, तुमची तपासणी झाली का? रुग्णाच्या घरातल्या सर्वांची करतात. त्या हसल्या, मुलांची झाली म्हणाल्या. मग पदर तोंडावर धरून दोनदा खोकल्या. त्यांची तारीख येत्या सोमवारची घेतली आहे. तीन मुलांना त्या दिवशी कोण सांभाळणार, हे अजून ठरायचे आहे.