टिलर घ्यावा की छोटा ट्रॅक्टर?

राजघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले म्हणजे, पाणी ओसरलेले असल्यास, तापीच्या पात्रातील दगडी हत्ती दिसतो आणि पैलतीरी जैनाबाद. याच घाटावर गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला गाठले. त्याची साडेचार एकर केळी; पैकी दीड एकर नाल्याकडे उतरती. "सर, पॉवर टिलर घेऊ की छोटा ट्रॅक्टर?" दुकानदाराने त्यास अश्वशक्तीचे आकडे भरपूर दिले होते, निर्णय मात्र दिला नव्हता.

वस्तुतः केळीबागेत अश्वशक्तीचे फारसे चालत नाही. पाच-पाच फुटांवर रोपे, मधून ठिबकच्या नळ्या. तीन-चार महिन्यांत पाने एकमेकांस भिडली की यंत्राचा प्रवेश बंद. शिवाय केळीची मुळे उथळ असतात; खोल चाललेला रोटाव्हेटर तणाबरोबर मुळेही तोडतो. तेव्हा पाहावयाचे ते हे की, यंत्र रुंदीला किती आणि वळते कसे.

सुमारे तीन फूट रुंदीचे ट्रॅक्टर मिळतात, ते ओळीतून जातात. अडचण येते ती ओळ संपल्यावर. डाव्या-उजव्या मागच्या चाकांचे ब्रेक स्वतंत्र दाबता येतात, तरीही वळावयास बांधाजवळ मोकळी पट्टी लागतेच. एक एकराचा चौरस धरा. त्याची बाजू सुमारे चौसष्ट मीटर. दोन्ही टोकांस तीन-तीन मीटर सोडले, तर जवळजवळ दहावा हिस्सा जमीन वळणातच गेली! टिलर कमी जागेत वळतो. पण त्याच्यामागे चालावे लागते. दोन फुटांचा पट्टा घेत एक एकर पुरा करणे म्हणजे साडेसहा किलोमीटरांहून अधिक पायपीट, आणि मुठींच्या थरथरीने हात बधिर होतात ते वेगळेच.

आता उताराकडे वळू. टिलरच्या प्रत्येक मुठीखाली एक क्लच असतो. सपाटीवर डावा दाबला की डाव्या चाकाची शक्ती तुटते, उजवे ढकलत राहते आणि यंत्र डावीकडे वळते. उतार उतरताना मात्र इंजिन चाकांना ढकलत नसते, रोखून धरीत असते. अशा वेळी डावा क्लच दाबताच डावे चाक मोकळे सुटून पुढे धावते, उजवे रोखलेलेच राहते, आणि यंत्र उजवीकडे वळते! विद्यार्थ्याबरोबर मी एक टिलर चालताना पाहावयास गेलो, तेव्हा चालविणाऱ्याची हीच चूक झाली. यंत्र नाल्याच्या तोंडाशी थांबले. त्या दिवशी कोणास इजा झाली नाही, इतकेच. उतरताना क्लचला हात न लावता, खालच्या गिअरमध्ये, मुठींनीच यंत्र सावकाश वळवावयाचे असते.

परदेशांत हिरवळ कापण्यासाठी जागच्या जागी वळणारी यंत्रे आहेत. एक चाक पुढे, दुसरे मागे फिरवून ती भोवऱ्यासारखी फिरतात. उतारावर तीही घसरतात, कारण पुढची चाके नुसती गरगरणारी असतात.

ट्रॅक्टरही उतारावर निर्धोक नव्हे. त्याची अरुंद बैठक, जी ओळीत सोयीची, तीच आडव्या उतारावर कलंडण्याचे कारण. तो आडवा नेऊ नये. डोक्यावरची लोखंडी कमान काढू नये आणि कमान असल्यास पट्टा बांधावा. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेक जोडून घ्यावेत, एरवी वेगात एकच चाक अडते. घडांची ट्रॉली ओढणे, फवारणी करणे, ही कामे मात्र बसल्याबसल्या होतात, आणि बागेत मजूर मिळेनासे झाले आहेत.

विद्यार्थ्याने शेवटी छोटा ट्रॅक्टर घेतला. सपाट तीन एकरांत तो चालतो. नाल्याकडची दीड एकर अजून बैलजोडीकडेच आहे.