‘वुदरिंग हाइट्स’ : वाचकांचे मतभेद आणि निवेदनाची भाषा

एमिली ब्राँटे हिची ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी डिसेंबर १८४७ मध्ये लंडनच्या टॉमस न्यूबी ह्या प्रकाशकाने ‘एलिस बेल’ ह्या टोपणनावाखाली प्रसिद्ध केली. तीन खंडांच्या त्या संचात पहिले दोन खंड ह्या कादंबरीचे होते व तिसरा धाकटी बहीण अ‍ॅन हिच्या ‘अ‍ॅग्नेस ग्रे’चा. कथा लेखिकेच्या काळची नव्हे. ती सुमारे १७७१ पासून १८०२ पर्यंतच्या यॉर्कशायरमधील आहे. दारावर १५०० हा सन कोरलेले जुने घर, माळरानावरील वादळे, खिडकीच्या फुटक्या काचेतून आत येऊ पाहणारा हात, उकरलेले थडगे हे सर्व गॉथिक कादंबरीचे परिचित साहित्य येथे आहे, आणि त्याच्या मध्यभागी एक प्रणयकथा आहे. ही प्रणयकथा श्रेष्ठ की किळसवाणी, तिचा नायक हीथक्लिफ अनुकंपेस पात्र की निव्वळ नराधम, ह्या प्रश्नांवर वाचकांचे एकमत तेव्हा झाले नाही व आजही झालेले नाही.

हा मतभेद केवळ अभिरुचीचा आहे असे समजून तो सोडून देण्याची सर्वसाधारण प्रवृत्ती दिसते. वस्तुतः त्याचे मूळ पुष्कळसे कादंबरीच्या भाषिक घडणीतच आहे. हीथक्लिफविषयी वाचकाला जे कळते, त्यातले जवळजवळ काहीही लेखिका स्वमुखाने सांगत नाही. लॉकवुड हा दक्षिणेकडून आलेला भाडेकरू ऐकतो, नेली डीन ही घरातील जुनी सेविका सांगते, आणि नेलीच्या सांगण्यात पुन्हा इतरांची पत्रे व बोलणी येतात. म्हणजे वाचकापुढे जी येते ती साक्ष असते, आणि साक्षीदाराच्या भाषेवर कितपत विश्वास ठेवावयाचा ह्याचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा असतो.

पहिल्या अभिप्रायांचा वृत्तांत प्रसिद्धच आहे. एमिलीच्या लिहिण्याच्या पेटीत तिच्या मृत्यूनंतर पाच परीक्षणांची कात्रणे सापडली. ‘अ‍ॅटलस’, ‘एग्झॅमिनर’, ‘ब्रिटानिया’ आणि डग्लस जेरल्डचे साप्ताहिक ह्यांतील चार परीक्षणांची ओळख पटलेली आहे. पाचवे कोठले ते ठरलेले नाही. ‘अ‍ॅटलस’च्या परीक्षकाला एकही पात्र द्वेष किंवा तिरस्कार ह्यांवाचून दुसऱ्या भावनेस पात्र वाटले नाही. ‘एग्झॅमिनर’ला पुस्तक विस्कळित व असंभाव्य वाटले, परंतु त्यातील सामर्थ्य त्याला नाकारता आले नाही. जेरल्डच्या साप्ताहिकाचा अभिप्राय सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल: वाचक शिसारीने मागे सरतो, तरी पुस्तक खाली ठेवू शकत नाही, अशा आशयाची ती कबुली आहे. अमेरिकेतील ‘ग्रॅहॅम्स मॅगझिन’ने तर जुलै १८४८ मध्ये असे पुस्तक लिहिता लिहिता ग्रंथकाराने आत्महत्या कशी केली नाही ह्याबद्दल आश्चर्य व्यक्त केले. ह्या मंडळींपैकी कोणालाही ग्रंथकार स्त्री आहे हे निश्चित ठाऊक नव्हते. एमिली १९ डिसेंबर १८४८ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी वारली. आपल्या कृतीचा गौरव तिने फारसा पाहिला नाही.

१८५० मध्ये दोन गोष्टी घडल्या. सप्टेंबरात सिडनी डोबेल ह्याने ‘पॅलेडियम’ मासिकात कादंबरीची मनःपूर्वक स्तुती केली. मात्र ती ‘जेन एअर’च्याच कर्त्याची आधीची कृती आहे असे त्याने गृहीत धरले होते. डिसेंबरात थोरली बहीण शार्लट हिने नवी आवृत्ती काढली, तीत बहिणींची खरी ओळख जाहीर केली व एक प्रस्तावना जोडली. ही प्रस्तावना म्हणजे बचावाचे भाषण आहे आणि क्षमायाचनाही आहे. छापील पुस्तकांत शिव्यांची आद्याक्षरे देऊन पुढे रेघ ओढण्याची जी चाल होती, ती तिने निरर्थक ठरविली व शब्द पूर्ण छापण्याचे समर्थन केले. परंतु हीथक्लिफसारखे पात्र निर्माण करणे योग्य होते काय, ह्या प्रश्नावर तिने स्वतःच प्रतिकूल मत दिले. बहिणीला माळरानाची लेक म्हणून, जवळजवळ अजाण कलावंत म्हणून रंगविल्यामुळे पुढील वाचकांच्या कित्येक पिढ्या ह्या कादंबरीत जाणीवपूर्वक योजना शोधावयासच गेल्या नाहीत.

शार्लटचा दुसरा हस्तक्षेप भाषाभ्यासकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. जोसेफ हा घरातील म्हातारा, धर्मवेडा, कुरकुर्‍या नोकर अस्सल यॉर्कशायरच्या बोलीत बोलतो, आणि एमिलीने ती बोली उच्चारानुसारी वर्णलेखनाने मोठ्या कसोशीने उतरविली होती. यॉर्कशायरच्या कानाला हे लेखन अगदी यथार्थ वाटेल, पण दक्षिणेकडील वाचकाला ते उमगणार नाही व एक जिवंत पात्र त्याच्यापुरते वाया जाईल, असे शार्लटने आपल्या प्रकाशकांच्या सल्लागाराला कळविले आणि जोसेफचे बोलणे सौम्य केले. परिच्छेदांची मांडणीही तिने बदलली. पुढे दीर्घकाळ अनेक आवृत्त्यांनी हाच पाठ छापला. मूळ १८४७ च्या पाठावर आधारलेली चिकित्सक आवृत्ती हिल्डा मार्सडेन व इयन जॅक ह्यांनी ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन मुद्रणालयातर्फे १९७६ मध्ये सिद्ध केली. म्हणजे ज्यांच्या मतांतराची येथे चर्चा चालली आहे, त्यांपैकी पुष्कळांनी एकच पुस्तक वाचलेले नव्हते!

शार्लटचा हेतू निर्मळ होता ह्यात संशय नाही, परंतु तिचा निर्णय चुकीचाच म्हटला पाहिजे. जोसेफचे बोलणे प्रथमदर्शनी न कळणे हा त्या कादंबरीच्या अर्थाचा भाग आहे. लॉकवुडला तेथील माणसे समजत नाहीत. कादंबरीच्या नावातला ‘वुदरिंग’ हा प्रांतिक शब्दसुद्धा तो आरंभीच परक्याच्या उत्सुकतेने विशद करून सांगतो. वाचकाची अडचण ही लॉकवुडचीच अडचण असून, ती दूर केली की तो घराच्या उंबरठ्यावर अडखळत नाही, सरळ दिवाणखान्यात जाऊन बसतो. के. एम. पेटिट ह्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या आवृत्तीतील जोसेफची बोली ही हॉवर्थ गावच्या बोलीचे विश्वसनीय लेखन असल्याचे दाखविले आहे. ब्राँटे भगिनींचा बाप आयरिश व आई कॉर्नवॉलची. घरची भाषा यॉर्कशायरची नव्हती. तेव्हा ही बोली एमिलीने गावातून, आणि मुख्यतः टॅबिथा एक्रॉइड ह्या जुन्या सेविकेच्या तोंडून उचललेली असणार.

नेली डीन मात्र त्याच भागात वाढलेली असूनही प्रमाण इंग्रजीत बोलते. ह्याचे कारण कादंबरीतच दिले आहे: मालकाच्या ग्रंथसंग्रहातील बहुतेक पुस्तके आपण चाळली आहेत असे ती लॉकवुडला अभिमानाने सांगते. निवेदन प्रमाणभाषेत व संवाद बोलीत ही वहिवाट मराठी कादंबरीच्या वाचकालाही परिचित असल्याने त्यात काही विशेष आहे हे चटकन ध्यानात येत नाही. परंतु प्रमाणभाषा बोलणारा निवेदक वाचकाला आपोआप समंजस व निःपक्षपाती वाटू लागतो, हाच येथील सापळा आहे. दीर्घकाळ वाचकांनी नेलीला व्यवहारी, प्रेमळ बाई म्हणून स्वीकारले. १९५८ मध्ये जेम्स हॅफ्ली ह्यांनी ‘वुदरिंग हाइट्स’मधील खलपुरुष हीथक्लिफ नसून नेली आहे, असा प्रबंध मांडला. हा सिद्धांत जसाच्या तसा मान्य करणे कठीण आहे. पण ऐन क्षणी ती काय सांगते व काय सांगण्याचे टाळते हे त्याने वाचकांना मोजावयास लावले, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

हीथक्लिफच्या आगमनाचा प्रसंग ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला हा मुलगा घरात आणला जातो तेव्हा तो कोणालाही न समजणारे काही शब्द पुनःपुन्हा उच्चारतो. ती कोणती भाषा होती हे कादंबरी कधीच सांगत नाही. चालता-बोलता येणाऱ्या, सहा वर्षांच्या कॅथरिनहून मोठ्या दिसणाऱ्या ह्या मुलाला नेली आपल्या निवेदनात नपुंसकलिंगी सर्वनामाने संबोधते. इंग्रजीत तान्ह्या मुलाला ते चालते, एवढ्या मोठ्या मुलाला लावले की तो माणसांच्या पंक्तीतून उठविला जातो. मराठीत हा प्रसंग सांगताना ‘ते पोर’ हा प्रयोग इतका स्वाभाविक आहे, किंबहुना त्यात मायेचीही छटा येऊ शकते, की अनुवादकाने काही वेगळी योजना केल्यावाचून मुळातील क्रौर्य मराठी वाचकाला जाणवणारच नाही. पुढे लिंटन घराण्याचा वृद्ध यजमान त्याला पाहून हा एखादा ‘लॅस्कर’ असावा असा तर्क करतो. हा शब्द म्हणजे आपल्या परिचयाचे ‘लष्कर’. फार्सीतून पोर्तुगिजांच्या द्वारे इंग्रजीत जाताना त्याचा अर्थ युरोपीय गलबतांवरील हिंदी खलाशी असा झाला. लिव्हरपूल हे त्या काळी गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. हीथक्लिफ कोण, ह्या प्रश्नाला कादंबरी उत्तर देत नाही. ती केवळ इतरांनी त्याला कोणकोणती नावे ठेवली ते नोंदविते. त्याचे नावदेखील त्या घरात पूर्वी वारलेल्या मुलाचे असून, तेच त्याला आडनाव म्हणून पुरते.

म्हणून त्याची कीव येणे स्वाभाविक आहे. पण येथेच वाचकाला थांबावयाचे असते तर मतभेद उरला नसता. हा मनुष्य पुढे पत्नीच्या डोळ्यांदेखत तिचे कुत्रे लटकवितो, पुढच्या पिढीतील मुलीला कोंडून मारतो, आणि स्वतःवर झालेला अन्याय हेअरटन ह्या निरपराध मुलावर जाणूनबुजून परत करतो: त्याला निरक्षर ठेवतो, इतका की घराच्या दारावर कोरलेले स्वतःच्याच पूर्वजाचे व स्वतःचे नाव त्याला वाचता येत नाही. १९३९ मध्ये विल्यम वायलर ह्यांनी काढलेल्या चित्रपटाने ही दुसरी पिढी वगळूनच टाकली. ज्यांना ‘वुदरिंग हाइट्स’ म्हणजे भग्न प्रेमाची करुण कथा वाटते, त्यांच्या मनात बहुधा हे अर्धे पुस्तक असते. उलट, रोझेटीने १८५४ मध्ये एका पत्रात ही कथा नरकात घडते, फक्त स्थळांची व माणसांची नावे इंग्रजी आहेत असे लिहिले, तेव्हा त्याने निदान पुस्तक पुरते वाचले होते.

रचनेविषयीचा आक्षेप मात्र आता निकालात निघाला आहे. सी. पी. सँगर हे व्यवसायाने कायदेपंडित. त्यांनी १९२६ मध्ये दाखविले की मोजकेच सन स्पष्ट देणाऱ्या ह्या कथेचा कालानुक्रम बिनचूक आहे आणि मालमत्तेच्या कायद्याचे ज्ञानही अचूक आहे. हीथक्लिफ एक घर गहाणाच्या मार्गाने व दुसरे मुलाच्या विवाहामार्फत कसे बळकावतो, आणि त्या दुसऱ्या घराच्या जमिनीवरील त्याचा हक्क कोठे लंगडा पडतो, हे सारे त्या काळच्या कायद्याशी ताडून पाहता येते. एवढे होऊनही एफ. आर. लीव्हिस ह्यांनी १९४८ मध्ये इंग्रजी कादंबरीची थोर परंपरा आखताना ह्या कृतीला एक अपवाद म्हणून एका टीपेत बाजूला बसविले. त्या परंपरेच्या व्याख्येचीच ही मर्यादा म्हणावी लागेल.

कादंबरीच्या शेवटी हीथक्लिफ वारल्यावर त्याचे व कॅथरिनचे भूत माळावर हिंडते की नाही, हा वाद उभा राहतो. भुते पाहिल्याचे जोसेफ सांगतो, गावकरी सांगतात, आणि मेंढरे हाकणारा एक पोरगा रडत रडत आपल्या बोलीत तेच सांगतो. मेंढरे त्या वाटेने पुढे जात नाहीत. नेलीच्या मते हे सर्व पोराच्या मनाचे खेळ आहेत, तथापि अंधार पडल्यावर बाहेर असणे आपल्याला आवडत नाही अशी पुस्तीही ती जोडते. लॉकवुड थडग्यांपाशी उभा राहून तेथील शांततेची ग्वाही देतो. ज्या लॉकवुडने पहिल्या रात्री स्वप्नातल्या त्या मुलीचे मनगट फुटक्या काचेवर रक्त येईतो घासले होते, तोच हा.