शंकेस घरात जागा

गेल्या श्रावणीच्या दिवशी आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. आमचा थोरला पुतण्या, शिकलेला आणि एरवी शब्दाबाहेर नसणारा, पाटावर बसण्याचे नाकारून नम्रपणे म्हणाला, "काका, मनात भाव नसताना जानवे बदलणे मला खोटेपणाचे वाटते." वहिनींच्या डोळ्यांस पाणी आले. दादा त्या दिवशी पंक्तीस बसले नाहीत. आम्हास मात्र एका दूरदेशीच्या गृहस्थाची आठवण झाली. त्याने जवळजवळ हेच उद्गार आपल्या साऱ्या उपासकमंडळीसमोर काढले होते, आणि तेही प्रत्यक्ष धर्मोपदेशकाच्या पीठावरून!

त्या गृहस्थाचे नाव राल्फ वाल्डो इमर्सन. अमेरिकेतील बोस्टन नगरात २५ मे १८०३ रोजी त्याचा जन्म झाला. वडील तेथील फर्स्ट चर्चचे धर्मोपदेशक होते. परंतु इमर्सनचे आठवे वर्ष पुरे होण्यापूर्वीच ते निवर्तले. पुढे त्याच्या बुद्धीची घडण केली ती त्याच्या आत्याने. मेरी मूडी इमर्सन ही बाई अविवाहित, अफाट वाचनाची, जिभेची तिखट आणि जुन्या श्रद्धेची होती. पुतण्याने बापाची गादी चालवावी, हीच तिची आकांक्षा. मार्च १८२९ मध्ये बोस्टनच्याच सेकंड चर्चमध्ये त्यास उपदेशकाची दीक्षा मिळाली, तेव्हा ती आकांक्षा फळास आली असे वाटले.

हा पंथ युनिटेरियन, म्हणजे ईश्वराचे एकत्व मानणारा व पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैत नाकारणारा. उदारमतवादाबद्दल त्याची ख्याती होती. आपल्याकडे प्रार्थनासमाजाचा या पंथाशी स्नेहसंबंध होता. कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माध्ययनास गेले, ते याच पंथाच्या साहाय्याने.

अशा उदार मंडळीत इमर्सनला अडचण कोणती पडावी? अडचण पडली ती प्रभुभोजनाच्या विधीची. येशूच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण म्हणून भाकरी व द्राक्षरस वाटण्याचा तो संस्कार होय. फेब्रुवारी १८३१ मध्ये इमर्सनची पत्नी एलन अवघ्या एकोणिसाव्या वर्षी क्षयाने गेली. त्यानंतरच्या काळात, जे ओठांवर आहे ते अंतःकरणात आहे काय, हा प्रश्न त्यास अधिकाधिक छळू लागला. जून १८३२ मध्ये त्याने मंडळीस कळविले की या विधीचे स्वरूप बदलावे; आहे त्या रूपात तो आपल्या हातून होणार नाही. मंडळीने त्याच्याविषयी आदर व्यक्त केला, परंतु विधी बदलण्यास नकार दिला. काही दिवस तो डोंगराळ प्रदेशात एकांतात राहिला आणि ९ सप्टेंबर रोजी त्याने आपली भूमिका व्याख्यानातून मांडली.

त्या व्याख्यानात प्रथम शास्त्रार्थ आहे: येशूने हा विधी सर्व काळासाठी घालून दिला नव्हता, असे त्याचे प्रतिपादन. पण खरा मर्मभाग शेवटी येतो. या विधीशी आपले वैर नाही, ज्यांस त्यात समाधान लाभते त्यांनी तो खुशाल चालवावा, असे तो मोकळेपणाने सांगतो. आपण मात्र पूर्ण अंतःकरणाने जे करू शकत नाही ते करणार नाही. दोनच दिवसांनी त्याने राजीनामा दिला. आत्याबाईंस हे मुळीच रुचले नाही. त्यांचे खटके पुढेही उडत राहिले. तरीही त्याच आत्याची पत्रे इमर्सनने स्वहस्ते वह्यांत उतरवून जपली. मतभेद झाला म्हणून ऋण फिटत नाही, हे त्या पुतण्यास कळत होते.

१५ जुलै १८३८ रोजी हार्वर्डच्या धर्मशिक्षणशाळेत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांपुढे त्याने भाषण केले. ईश्वर पूर्वी बोलला आणि मग मुका झाला, असे समजू नका. चमत्कारांच्या साक्षीवर श्रद्धा उभारू नका, हा त्याचा आशय. एका उपदेशकाचे प्रवचन ऐकताना खिडकीबाहेर बर्फ पडत होते. ते बर्फ खरे वाटले, प्रवचनकार मात्र छायेसारखा. कारण हा मनुष्य कधी हसला की रडला, प्रेमात पडला की फसला, याचा मागमूस त्याच्या शब्दांत नव्हता! आयुष्यभर वर्गात बोललेल्या आमच्यासारख्यास हा दृष्टान्त आजही टोचतो.

पण याच भाषणाच्या अखेरीस एक गोष्ट आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. नवा पंथ काढू नका, नवे विधी रचू नका, असे तो तरुणांस बजावतो. आहेत त्याच रूपांत नवा प्राण फुंका, म्हणजे ती रूपे आपोआप नवी होतील. स्वतः पीठ सोडून आलेला मनुष्य इतरांस तेथेच राहून जिवंतपणे बोलावयास सांगतो, हे विशेष होय.

भाषणाने वादळ उठले. विद्वान अँड्र्यूज नॉर्टन यांनी वृत्तपत्रातून कठोर टीका केली आणि पुढल्या वर्षी या मतास नास्तिक्याचे नवे रूप ठरविले. सुमारे तीस वर्षे हार्वर्डने इमर्सनला पुन्हा व्याख्यानास बोलाविले नाही. अखेर १८६६ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यास सन्मान्य पदवी दिली. परंतु दुसरे उत्तर हेन्री वेअर यांचे. सेकंड चर्चमध्ये हेच इमर्सनचे वडीलधारे सहकारी होते. त्यांनी सप्टेंबरात प्रवचन केले: ईश्वर केवळ नियमरूप मानला, तर मनुष्यजात पोरकी होईल, अन्नवस्त्र मिळणाऱ्या पण पिता नसलेल्या अनाथालयातील मुलांसारखी. आपल्या सगुण-निर्गुणाच्या वादाचेच हे दुसरे रूप. वेअर यांनी ते प्रवचन छापून इमर्सनकडे स्नेहाच्या पत्रासह पाठविले. इमर्सनने नम्र उत्तर धाडले की वाद घालणे आपणास जमत नाही. मनास जे दिसते तेवढे सांगता येते. दोघांचीही मते बदलली नाहीत, आणि दोघांचाही आदर कमी झाला नाही.

शंका घेणारा मनुष्य एकटा पडतो, ही भीती खरी आहे. इमर्सनही एकटा पडला असता. पण १८३६ पासून काही मित्रांची मंडळी चर्चेसाठी जमू लागली, तिच्यात तो होता. तीत बरेचसे युनिटेरियन उपदेशकच होते आणि मार्गारेट फुलरसारख्या विदुषीही. पीठ सुटले, सत्संग सुटला नाही. १८४५ मध्ये विल्किन्सचे भगवद्गीतेचे भाषांतर त्याच्या हाती आले, आणि त्या वाचनाचे पडसाद १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'ब्रह्म' या कवितेत उमटले.

गीता संशयात्म्याचा नाश सांगते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु अर्जुनास शंका आली नसती, तर अठरा अध्याय कोणास ऐकावयास मिळाले असते? श्रीकृष्णाने त्यास रथाखाली उतरविले नाही. सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर, असेच म्हटले. विनाशक शंका ती, जी कशाचाच शोध घेत नाही. विचारणारी शंका निराळी.

आम्ही दादांस एवढेच सांगितले की मुलाने जानवे नाकारले, आपणास नाही. आणि पुतण्यास सांगितले की तुझे खरेपण मान्य. पण ज्यांचा भाव आहे त्यांस हसू नकोस, इमर्सनही हसला नाही. दादा अद्याप खिन्नच आहेत. एका बोलण्याने असे दुःख जात नाही. परंतु त्या संध्याकाळी रामरक्षेच्या वेळी पुतण्या नेहमीच्या जागी येऊन बसला. त्याचे ओठ हलले नाहीत, तो उठूनही गेला नाही. वहिनींनी प्रसाद वाटताना त्याच्या हातावर इतरांइतकाच ठेवला. ज्या घरांत असा प्रसंग येईल, तेथील वडीलधाऱ्यांनी निदान एवढे करावे, अशी आमची विनंती आहे.